वीतभर पुढे

इंजिन : आधी हात फिरवून बघा, मग बसा. सकाळी बाकावर दव असतं. सरांची पँट दर रविवारी भिजायची आणि दर रविवारी ते नव्याने चिडायचे.

लेक : तुम्ही मला ओळखलंत?

इंजिन : राखणदारांनी सांगितलं. सरांची मुलगी फाटकातून येते आहे, हातात त्यांची निळी पिशवी आहे म्हणाले. पावलांवरून, वासावरून आम्हा आंधळ्यांना सगळं कळतं असं लोकांना वाटतं. मला सर्दी झाली आहे. काही कळत नाही.

लेक : अच्छा.

इंजिन : हसलात तरी चाललं असतं.

लेक : बाबा म्हणायचे, इंजिन बोलायला लागली की थांबत नाही.

इंजिन : धावताना बोलत नाही मी. धावताना नुसत्या धापा टाकते, म्हणून तर इंजिन नाव पडलं. तुम्हाला काय म्हणायचे?

लेक : ठमाबाई.

इंजिन : ठमाबाई म्हणजे तुम्ही होय. मला बरीच वर्षं वाटत होतं घरात मांजर आहे. ‘ठमाबाई रुसून बसली आहे, आज लवकर जायला हवं’ असं म्हणायचे.

लेक : लवकर कधी आले नाहीत.

इंजिन : हो. इथून लवकर कधी गेले नाहीत.

लेक : आई म्हणायची, आधी शर्यतींनी नेलं, मग संस्थेने. सतरा वर्षं ते पगारी धावले. जो क्लब पैसे देईल त्याची बनियन अंगात. घरी आम्ही त्यांना पेपरातल्या फोटोत बघायचो. मग गुडघा गेला, तेव्हा आईला आतून जरा बरंच वाटलं असावं. आता माणूस घरात दिसेल. तर सहा महिन्यांत त्यांनी ‘जोडधाव’ काढली.

इंजिन : मी तिसरी. माझ्याआधी दोघं जण आले होते. त्यातला एक मैदानाचं कुंपण कुठे आहे ते एकदा कपाळाने शोधून परत गेला.

लेक : घरी आम्हाला इतकंच माहीत होतं की न दिसणाऱ्यांना धावायला डोळस सोबती जोडून द्यायचा. दोघांच्या हातात एक आखूड दोरी. एवढ्याशा गोष्टीला माणसाचे सगळे रविवार का लागतात, ते काही कळायचं नाही.

इंजिन : सोबती मिळणं सोपं नसतं हो. उत्साहाने येतात, पहिल्याच दिवशी आम्हाला बैलासारखं ओढतात. सर त्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधून आधी त्यांनाच दोन फेऱ्या पळवायचे. मोठा बँकेतला साहेब एकदा पट्टी बांधल्यावर आई गं म्हणून खाली बसला. पिशवीत आहे का ती पट्टी?

लेक : आहे. पट्टी, शिटी, दोरी. आणि एक मोजा. एकच.

इंजिन : दुसरा माझ्याकडे आहे. त्याची गोष्ट नंतर. तुम्ही पिशवी द्यायला आलात की आणखी काही आहे?

लेक : निरोप आहे. बाबांचा. मी तो पाठ करून आले आहे, म्हणजे मध्ये गडबड नको. मी सलग बोलू का?

इंजिन : बोला.

लेक : अकरा वर्षांपूर्वी निवडीची शर्यत झाली. चारशे मीटर. सोबती म्हणून बाबा तुमच्याबरोबर धावले. तुमची वेळ सगळ्यांत चांगली होती, तरी तुम्हाला बाद केलं. बाबांनी तुम्हाला सांगितलं, शेवटी तुझ्या हातातून दोरी सुटली म्हणून पंचांनी बाद ठरवलं. तसं नव्हतं. नियम असा आहे की सोबत्याने रेषा आधी ओलांडायची नाही. आधी धावणारा, मग सोबती. आणि बाबांनी...

इंजिन : थांबलात का?

लेक : त्यांनी सांगितलं तसंच सांगते. ‘समोर रेघ दिसली आणि मी छाती पुढे टाकली. सतरा वर्षांची खोड. तिच्यासाठी धावतोय हे शेवटच्या दोन पावलांत विसरलो. जिंकायला गेलो. दोष तिच्या माथी मारला. तिला सांग, दोरी तिने सोडली नव्हती.’ एवढंच. निरोप संपला.

इंजिन : वीतभर.

लेक : काय?

इंजिन : वीतभर पुढे गेले ते. जास्त नाही. माझा आपला अंदाज. शेवटी बोटांना हिसका बसला, पुढच्या बाजूला. धावणाऱ्याला दोरी सगळं सांगते.

लेक : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

इंजिन : बाई, दोरी सुटली असं ते मला सांगत होते, तेव्हा दोरी माझ्या हातातच होती. दुसरं टोक त्यांच्या हातात होतं.

लेक : मग त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?

इंजिन : घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या हातात काय आहे ते कळत नाही. निकालाचा कागद भिंतीवर लावला होता, त्यावर कारण लिहिलेलं असणार. पण भिंत काही मला वाचता येत नाही, आणि ते वाचून दाखवणार नव्हते. मी म्हटलं, असू दे सर, सुटली असेल. परत येताना बसमध्ये ते शेजारी रडत होते. आवाज न करता. सीट मात्र हलत होती.

लेक : तुम्ही तेव्हा का नाही बोललात?

इंजिन : तेव्हा राग होता. अठ्ठावीसची होते मी. पुढच्या वर्षी एकोणीसची एक पोरगी आली, वाऱ्यासारखी पळायची. माझी गाडी गेली ती गेली. मनात म्हटलं, कबूल करतील तेव्हा बोलू. पुढच्या रविवारी ते दहा मिनिटं आधी येऊन बसले. त्याआधी त्यांचं येणं म्हणजे सहाचे सव्वासहा, साडेसहा. आमच्यात सगळे टोमणे मारायचे, इतका वेगवान माणूस आणि घड्याळ बैलगाडीचं. त्या दिवसापासून कधी उशीर नाही. तेव्हा मला कळलं, अपराधी माणूस वेळेवर येतो.

लेक : अकरा वर्षं.

इंजिन : अकरा वर्षं. आणि मला ते सोयीचं झालं. ऐकून ठेवा, निरोप तुम्ही आणलात, पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी एकदा म्हणाले असते, सर, मला ठाऊक आहे, जाऊ द्या, तर ते सुटले असते. मग कदाचित आले असते, कदाचित नसते. म्हणून मी सोडलं नाही. माझ्यासाठी नवे सोबती शोधत बसले, नोकरीसाठी दहा ठिकाणी माझ्याबरोबर आले, गुडघा दुखत असताना स्वतः फेऱ्या मारल्या. मी त्यांच्या मानेवर बसून धावले म्हणा ना.

लेक : माझं लग्न रविवारी होतं. सकाळी ते घरात नव्हते. आईने चपला बघितल्या आणि नुसती मान हलवली.

इंजिन : आठवतं. मी विचारलं, सर, आज घरी काही आहे ना? म्हणाले, दुपारी आहे. मी दोन फेऱ्या जास्त मारल्या.

लेक : मुद्दाम?

इंजिन : हो. बघत होते, राहतात का.

राखणदार : बसा, बसा, उठू नका. चुना मारून झाला, तेच सांगायला आलो. शेवटची रेघ नवी काढली आहे, ओली आहे. तुडवू नका म्हणजे झालं.

इंजिन : काका, तुमची रेघ मला दिसत नाही आणि मी तुडवते, हे तुम्ही चौदा वर्षं सहन करताय.

राखणदार : तुझं सोड गं. तू देवाला सोडलेली गाय. पण ताई, तुमच्या वडिलांचं सांगतो. हा एवढा मोठा खेळाडू, पण आमच्या रेघेवर पाय दिला नाही कधी. पोरांबरोबर पळत यायचा आणि रेघेच्या अलीकडे पाऊलभर थांबायचा. पोरं पुढे जायची, हा तिथेच. मी म्हणायचो, सर, या की, पुन्हा मारीन चुना. हात जोडायचा. आमच्यासारख्याच्या कामाची एवढी कदर करणारा माणूस पाहिला नाही मी.

लेक : किती वर्षं असं?

राखणदार : झाली की दहा-अकरा. आधी नाही. आधी चांगला छाती काढून घुसायचा. वयाने माणूस शहाणा होतो. येतो मी, तिकडे कुत्रं शिरलंय.

इंजिन : गेले?

लेक : गेले.

इंजिन : मला हे माहीत नव्हतं. अलीकडे थांबायचे ते. मला वाटायचं, दमले म्हणून दोरी सोडतात.

लेक : रडताय तुम्ही?

इंजिन : सर्दी आहे म्हटलं ना. एक विचारते. निरोप त्यांनी तुमच्याजवळ का दिला? मला का बोलावलं नाही? ते आजारी आहेत हेही मला उडत उडत कळलं. आणि गेले ते कळलं राखणदारांकडून, इथेच, रविवारी सहाला. मी धावपट्टीवर वाट बघत उभी होते.

लेक : शेवटच्या आठवड्यात फार घाईचं झालं. त्यांना तुम्हाला भेटायचं होतं. मी फोन केला होता तुम्हाला. लागला नाही.

इंजिन : मी कुठे काम करते माहीत आहे?

लेक : वीज कार्यालयात.

इंजिन : तक्रार विभागात. दिवसाला दीडशे फोन. वीज का गेली, मीटर का पळतो. ‘मी मीटरला हात लावला नाही’ असं म्हणण्याआधी माणूस एक छोटा श्वास घेतो. आठ वर्षं ऐकते आहे. हे आंधळेपणामुळे नाही, नोकरीमुळे. तुम्ही आत्ता घेतलात.

लेक : मी फोन केला नाही.

इंजिन : हं.

लेक : एकदाही नाही. सोमवारी त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, इंजिनला बोलाव. मी हो म्हटलं. मंगळवारी विचारलं, येते आहे का. मी म्हटलं, फोन लागत नाही. बुधवारी पुन्हा. शुक्रवारी ते गेले. तुमचा नंबर त्यांच्याच फोनवर होता आणि तो फोन माझ्या पर्समध्ये होता.

इंजिन : का?

लेक : सोमवारी सकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. औषधाची गुंगी होती. माझा हात धरला आणि म्हणाले, इंजिन, हळू, वळण आलं. मी म्हटलं, बाबा, मी आहे. तर म्हणाले, हो हो, दोरी सैल ठेव. पंधरा दिवस मी त्या खोलीत खुर्चीवर झोपले होते. घर, नवरा, मुलं सोडून. आणि त्यांच्या हातात हात माझा आणि नाव तुमचं.

इंजिन : म्हणून.

लेक : म्हणून. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही. आम्ही घरी तुम्हाला ‘रविवारची लेक’ म्हणायचो. आधी थट्टा होती. माझ्या तोंडी ती थट्टा राहिली नव्हती.

इंजिन : बुधवारी काय सांगितलंस त्यांना?

लेक : सांगितलं, रिंग जाते, पण ती उचलत नाही.

इंजिन : मग?

लेक : ते म्हणाले, बरोबर आहे तिचं.

इंजिन : पुढे?

लेक : भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने मला जवळ बोलावलं आणि शर्यतीचं सगळं सांगितलं. निरोप दिला. ‘ती ऐकणार नाही कदाचित, पण तू सांग.’ तेव्हा कळलं, मी काय केलं ते. तरीही सांगितलं नाही मी त्यांना. गुरुवार अख्खा होता. दर तासाला ठरवत होते, आता सांगते. मग नर्स यायची, मग ते झोपलेले असायचे. शुक्रवारी पहाटे गेले.

इंजिन : म्हणजे त्यांना वाटलं, मला कळलं होतं आणि म्हणून मी आले नाही.

लेक : हो.

इंजिन : आणि मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. चार रविवार ते आले नाहीत. मी बोट बटणावर ठेवायचे आणि उचलायचे. म्हणायचे, करतील तेच. अकरा वर्षं तेच करत आले आहेत. मी कशाला करू?

लेक : तुम्ही केला असता तर मी उचलला असता का, मला माहीत नाही.

इंजिन : हे खरं बोललीस. श्वास नाही घेतलास.

लेक : मला माफी...

इंजिन : नको. ते आज नको. आज माझ्याकडे नाही ती. उगाच देते म्हणाले, तर तुला पण कळेल की खोटी आहे.

लेक : बरं.

इंजिन : शिव्या द्याव्यात असंही वाटतंय. पण कोणत्या तोंडाने देऊ? तू चार दिवस त्यांना खोट्यात ठेवलंस. मी अकरा वर्षं.

लेक : तुमचं वेगळं आहे. तुमचं नुकसान झालं होतं.

इंजिन : तुझे रविवार गेले. असला हिशेब मांडत बसलो तर दव वाळून जाईल. मोज्याची गोष्ट ऐकायची आहे?

लेक : सांगा.

इंजिन : गेल्या वर्षी माझा पाय मुरगळला. सूज उतरेना. सरांनी स्वतःच्या पायातला मोजा काढला, नळाखाली गार पाण्यात भिजवला आणि गुंडाळला. घाणेरडा मोजा. मी म्हटलं, शी, काय हे सर. तर म्हणाले, गप बस, ठमाबाईच्या पायालाही असंच करायचो, ती पण शी म्हणायची. तुला आठवतं?

लेक : मी सात वर्षांची होते. जिन्यावरून पडले होते. त्या वेळी ते घरी होते.

इंजिन : बघ. त्यांच्या हातात पाय माझा होता आणि नाव तुझं.

लेक : हे तुम्ही आत्ता रचलंत का?

इंजिन : मोजा घरी आहे माझ्या. धुतलेला नाही. येऊन वास घे, मला तर सर्दी आहे.

लेक : तुम्हाला आता सोबती कोण?

इंजिन : कुणी नाही. मी चाळिशीला टेकले, आता कुठे पळायचं. पण बाकीचे नऊ जण आहेत, सातला येतील. त्यांना सोबती शोधायचे, पट्टी बांधून शिकवायचे, ते कोण करणार ते कुणालाच माहीत नाही. दोन रविवार सगळे येतात, बाकावर बसतात आणि घरी जातात. तुला धावता येतं?

लेक : नाही. बाबांची मुलगी म्हणून शाळेत तीन वर्षं पळवलं मला. तिन्ही वर्षं शेवटची.

इंजिन : चालता तर येतं. दोरी काढ.

लेक : आत्ता?

इंजिन : मग केव्हा? एक फेरी. माझ्या डावीकडे राहा. तुझं टोक बोटांत धर, मुठीत आवळू नकोस. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. काय दिसतंय तेवढं बोलायचं.

(दोघी धावपट्टीवर चालू लागतात.)

लेक : वळण येतंय. डावीकडे.

इंजिन : आधी सांग. वळण आल्यावर सांगितलंस तर मी त्या कपाळवाल्यासारखी कुंपण शोधीन.

लेक : वीस पावलांनी सरळ. जागा मोकळी आहे. राखणदार कुत्र्याला ओरडतायत.

इंजिन : ते मला ऐकू येतं. दोरी सैल ठेव.

लेक : हो. सैल ठेवते.

इंजिन : मूठ आवळलीस तू.

लेक : कळतंय तुम्हाला?

इंजिन : दोरी सगळं सांगते म्हटलं ना. बोटांत धर. चालत राहा.

लेक : दुसरं वळण, दहा पावलांवर. मग सरळ.

इंजिन : या वळणापाशी ते नेहमी म्हणायचे, आता फक्त तू आणि मैदान. मला वाटायचं उत्तेजन देतायत. ते स्वतःला बजावत असतील.

लेक : शेवटचा सरळ पट्टा. रेघ दिसते आहे. पांढरी, ओली.

इंजिन : किती लांब?

लेक : तीस पावलं. वीस. दहा असतील. पाच. एक पाऊल.

इंजिन : ओलांडली मी?

लेक : हो. चुना लागला बुटाला.

इंजिन : काका ओरडतील. तू कुठे आहेस?

लेक : अलीकडे.

इंजिन : ते पण तिथेच थांबायचे. आणि मी कधी ये म्हणाले नाही.

लेक : तुम्हाला माहीत नव्हतं.

इंजिन : विचारलं पण नाही.

लेक : दोरी सोडू का?

इंजिन : नको. ये. ओलं आहे, बघून ये.